सापडलेली वस्तू आणि तिची चिठ्ठी: गावातील संग्रहाचे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक या भागांत जुन्या वस्तू हाती लागतात त्या बहुधा उत्खननात नव्हे, तर विहीर खणताना, उसासाठी खोल नांगरट करताना, नळयोजनेची चर काढताना आणि सगळ्यात जास्त म्हणजे मंदिराच्या जीर्णोद्धारात. जुने देऊळ उतरवून नवे बांधायला घेतले की पायातले वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ कोरलेले दगड), तुटकी मूर्ती, शिलालेखाचा दगड बाहेर निघतो आणि काही दिवस बांधकामाच्या वाळूशेजारी पडून राहतो. मग गावातील एखादे शिक्षक, वाचनालयाचे कार्यवाह किंवा इतिहासाची आवड असलेला तरुण तो उचलून सुरक्षित जागी ठेवतो, आणि पाहता पाहता एका खोलीत संग्रह उभा राहतो. हा लेख त्या खोलीची किल्ली ज्यांच्या हाती नुकतीच आली आहे त्यांच्यासाठी आहे. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या वस्तुसंग्रहालयात प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू झालेल्यांनाही यातील बराचसा भाग उपयोगी पडेल.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. नवा माणूस संग्रहात आला की त्याचा हात आधी फडक्याकडे जातो. वस्तू स्वच्छ करावी, चकचकीत करावी, असे त्याला वाटते. माझ्या अनुभवाने सांगतो, पहिले काम पुसण्याचे नाही, लिहिण्याचे आहे. मातीने माखलेली, पण कुठे, किती खोलीवर, कशाच्या शेजारी सापडली हे लिहून ठेवलेली खापरी ही घासूनपुसून काचेत मांडलेल्या निनावी मूर्तीपेक्षा इतिहासाला अधिक उपयोगी पडते, कारण धूळ नंतरही काढता येते, पण हरवलेले ठिकाण परत आणता येत नाही.

याचे उदाहरण जवळचेच आहे. बेळगावच्या किल्ल्यातून गेलेले रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातील इ. स. १२०४ चे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ते इतके दूर गेले तरी त्यांतील अक्षरांमुळे ते आपल्या वेणुग्रामाचे, म्हणजे जुन्या बेळगावचे, आहेत हे सांगता येते. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती आज टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आहे. तिच्यावर एकही अक्षर नाही. ती बाजारात एखाद्या विक्रेत्याकडे मिळाली असती तर कोणी प्रवाशाने परदेशातून आणलेली वस्तू एवढेच म्हणता आले असते. ती ब्रह्मपुरीच्या मातीतून निघाली हे ठाऊक आहे म्हणूनच ती रोमन जगाशी असलेल्या व्यापाराचा पुरावा ठरते. आपल्या गावातील खापरी, मणी, बांगडीचा तुकडा या सगळ्या वस्तू अशाच मुक्या असतात, आणि त्यांच्या वतीने बोलते ती त्यांच्यासोबतची चिठ्ठी.

जागेवर काय करावे

वस्तू सापडल्याचा निरोप आला की शक्य तितक्या लवकर जागेवर जावे आणि ती अजून मातीतच असेल तर उचलू नये. आधी मोबाइलने चार बाजूंनी आणि वरून छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक छायाचित्रात पट्टी ठेवावी आणि उत्तर दिशा दाखवणारा बाण कागदावर काढून तो शेजारी मांडावा. पट्टी नसेल तर नाणे किंवा पेन चालेल, पण नंतर त्याचे माप लिहून ठेवायला विसरू नये. दूरवरून घेतलेले एक छायाचित्र असे हवे की ज्यात विहीर, झाड, देवळाचा कळस किंवा रस्ता अशी कायमची खूण येईल. मोबाइलवरील अक्षांश-रेखांशही लिहून घ्यावेत.

त्यानंतर जमिनीच्या पृष्ठभागापासून खोली मोजावी आणि मातीचा रंग नीट पाहावा. आपल्याकडे गावाच्या वस्तीच्या जागेला पांढरी आणि शेतजमिनीला काळी म्हणण्याची जुनी रीत आहे, आणि ही रीत संशोधकाच्या फार कामाची आहे. शेकडो वर्षे चुली, राख, शेण, पडक्या भिंती यांचे थर साचून वस्तीची माती फिकट, राखट व भुसभुशीत होते. शेतात मध्येच पांढऱ्या मातीचे टेकाड दिसले आणि त्यावर खापऱ्या विखुरलेल्या असल्या तर तिथे कधीकाळी वस्ती असण्याची शक्यता मोठी असते. म्हणून ‘पांढरीत, सुमारे तीन फुटांवर, राखेच्या थरात’ एवढी नोंदही पुढच्या अभ्यासकाला वाट दाखवते.

ठिकाण लिहिताना सर्व्हे नंबर उताऱ्यावरून घ्यावा, पण तेवढ्यावर थांबू नये. सर्व्हे नंबर फोड होऊन बदलतात. शिवाराचे नाव मात्र लोकांच्या तोंडी पिढ्यान्पिढ्या टिकते. आपल्या सीमाभागात एकाच शेताला मराठीत एक आणि कन्नडमध्ये दुसरे नाव असते, तेव्हा दोन्ही नावे जशी ऐकली तशी लिहावीत, त्यांतले कोणते खरे याचा निवाडा करू नये. कदंब राजघराण्याच्या ताम्रपटांतील पलाशिका म्हणजे आजची खानापूर तालुक्यातील हलशी, हे आपल्याला कळले ते नावाचा धागा टिकून राहिल्यामुळेच. आज तुम्ही टिपलेले एखादे विचित्र वाटणारे शेताचे नाव उद्या एखाद्या लेखातील गावाशी जुळू शकते.

सोबत आणखी काय होते हेही विचारावे. मजूर व ट्रॅक्टरचालक यांच्याशी शांतपणे बोलावे. हाडे, कोळसा, विटा, लोखंडाचे गंजलेले तुकडे याकडे त्यांचे लक्ष गेलेले असते, पण ‘कामाचे नाही’ म्हणून ते बाजूला टाकलेले असतात. ती बाजूला टाकलेली माती एकदा आपण स्वतः चाळून पाहावी.

कळवणे ही दुसरी पायरी

या पायरीबद्दल गावात भीती असते, आणि त्या भीतीपोटी अनेक वस्तू लपवल्या जातात किंवा विकल्या जातात. म्हणून नव्या माणसाला कायद्याची निदान ओळख हवी. जमिनीत दडलेला मौल्यवान ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधीविषयीच्या कायद्यापासून आहे, आणि कर्नाटक राज्याचा या विषयावर स्वतंत्र कायदाही आहे. व्यवहारात तलाठी, पंचायतीचे पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) किंवा तहसीलदार यांच्यामार्फत लेखी अर्ज द्यावा आणि पोच घेऊन जपून ठेवावी. सोन्याची वा चांदीची नाणी, दागिने, मूर्ती अशा बाबतीत तर गावातील संग्रहाने ती परस्पर ठेवून घेण्याचा विचारही करू नये. गोव्याच्या कदंबांची सिंहाची आकृती असलेली सोन्याची नाणी या मुलखाच्या इतिहासाचा भाग आहेत, तसे एखादे नाणे मिळाले तर ते सरकारी कोषागारात सुरक्षित राहील, आपल्या कपाटात नाही.

१९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुनी वस्तू पुरावशेष ठरते. ऐतिहासिक वा साहित्यिक मोलाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. मूर्ती आणि चित्रांसारख्या काही प्रकारच्या पुरावशेषांची नोंदणी करावी लागते, आणि परवान्याशिवाय पुरावशेषांचा धंदा करता येत नाही. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढील दोनशे मीटर क्षेत्रात परवानगी लागते. बेळगाव जिल्ह्यातील अशी स्मारके भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या धारवाड मंडळाकडे येतात; बाकीची काही स्मारके व कित्तूर किल्ल्यातील वस्तुसंग्रहालय राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. या दोन्ही कार्यालयांचे पत्ते संग्रहाच्या दारामागे चिकटवून ठेवावेत.

आणि एक सक्त सूचना: स्वतः खणू नये. कुतूहल कितीही असले तरी परवानगीशिवाय आणि प्रशिक्षणाशिवाय केलेले खोदकाम म्हणजे एकदाच वाचता येणारे पुस्तक पाने फाडून वाचण्यासारखे आहे. बेळगावच्या उपनगरात गडप झालेल्या वडगाव-माधवपूर येथे १९७० च्या दशकात कर्नाटक विद्यापीठाने उत्खनन केले, म्हणून तिथली सातवाहनकालीन वसाहत अभ्यासकांना कळली. आज त्या परिसरात घरे उभी आहेत. जे शास्त्रशुद्ध खणले गेले नाही, ते आता खणता येणार नाही.

वस्तू आणल्यावरचे पहिले चोवीस तास

वस्तू धुऊ नये. मातीचे भांडे आतल्या मातीसकट आणावे, कारण त्या मातीत धान्य, मणी, राख किंवा हाडे असू शकतात. विहिरीच्या गाळातून निघालेले लाकूड, चामडे किंवा दोर ओले असेल तर ते उन्हात वाळवणे म्हणजे ते कायमचे गमावणे होय. ते त्याच पाण्यासह बंद डब्यात, सावलीत ठेवून तज्ज्ञाला बोलवावे. बाकीच्या वस्तू घरात, वाऱ्याच्या झुळकीत, हळूहळू सुकू द्याव्यात. धातूच्या वस्तू मात्र लवकर आणि पूर्ण कोरड्या व्हायला हव्यात.

प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत घालावी आणि पिशवीत चिठ्ठी टाकावी, शिवाय पिशवीबाहेरही तोच मजकूर लिहावा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहिलेली बरी. शाईपेनची शाई ओलाव्याने पसरते आणि स्केचपेनची तर काही वर्षांत उडूनच जाते. एकदा एका शाळेतील जुना संग्रह लावण्यासाठी मी गेलो होतो. कोणीतरी अतिशय कष्टाने दोनशेच्या आसपास खापऱ्या गोळा केल्या होत्या, आणि त्यांच्यानंतर आलेल्या कोणीतरी तितक्याच मायेने त्या धुऊन, काळ्या एका ताटात आणि तांबड्या एका ताटात अशा मांडल्या होत्या. चिठ्ठ्या ओल्या झाल्या म्हणून फेकल्या गेल्या होत्या. आम्ही तीन दिवस बसून त्यांतली एकही खापरी कोणत्या शिवारातील हे सांगू शकलो नाही. त्या ताटांपुढे बसल्यावर मला जे वाईट वाटले, त्यातूनच हा लेख लिहिण्याची निकड निर्माण झाली.

नोंदवही

संग्रहाचे खरे हृदय म्हणजे दाखलनोंदवही. ती पक्क्या बांधणीची, पानांवर छापील क्रमांक असलेली वही असावी. सुट्या कागदांची फाइल किंवा केवळ संगणकावरची यादी पुरेशी नाही. संगणकावर प्रत अवश्य करावी. मोठ्या वस्तुसंग्रहालयांसाठी पुण्याच्या सीडॅक या संगणक-संशोधन संस्थेने ‘जतन’ नावाची प्रणाली तयार केली आहे, पण गावातील संग्रहाला साधा तक्ता आणि त्याच्या दोन ठिकाणी ठेवलेल्या प्रती पुरतात. वहीत खाडाखोड करायची नाही. चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी दुरुस्ती आणि सही करायची.

क्रमांकाची सोपी पद्धत अशी: वर्ष, त्या वर्षी आलेल्या गटाचा क्रमांक आणि गटातील वस्तूचा क्रमांक. २०२५ मध्ये तिसऱ्या खेपेस एका शेतातून आलेल्या वस्तूंपैकी बारावी वस्तू म्हणजे २०२५.३.१२. या क्रमांकाचा फायदा असा की एकत्र सापडलेल्या वस्तू पुढे वेगवेगळ्या कपाटांत गेल्या तरी त्यांचे नाते क्रमांकातच टिकून राहते. वस्तू संग्रहातून गेली किंवा फुटली तरी तिचा क्रमांक दुसऱ्या वस्तूला कधीही देऊ नये.

क्रमांक वस्तूवरही हवा. खापरी, दगड, हाड यांवर आधी पॅरालॉइड बी-७२ या राळेचा ॲसिटोनमध्ये विरघळवलेला पातळ थर लहानशा जागेवर द्यावा, तो वाळल्यावर न उडणाऱ्या शाईने बारीक अक्षरांत क्रमांक लिहावा आणि वरून पुन्हा एक थर द्यावा. हा थर ॲसिटोनने काढता येतो, म्हणून तो योग्य; नेलपॉलिश, फेव्हिकॉल, ऑइलपेंट यांपैकी काहीही वापरू नये. क्रमांक तुटलेल्या कडेवर, नक्षीवर किंवा अक्षरांवर न घालता, मांडल्यावर दिसणार नाही पण शोधल्यावर सापडेल अशा ठिकाणी घालावा. नाणी, गंजलेले धातू आणि लहान मणी यांच्यावर काहीच न लिहिता क्रमांक पिशवीवर आणि डबीवर लिहावा.

वर्णन लिहिताना डोळ्यांना दिसलेले आणि मनाने ठरवलेले या दोन गोष्टी वेगळ्या रकान्यांत ठेवाव्यात. ‘लक्ष्मीची मूर्ती, कदंबकाळ’ असे लिहिणारा माणूस निर्णय लिहितो. ‘बसलेली स्त्रीमूर्ती, दोन हात, उजवा हात तुटलेला, डाव्या हातात फळासारखी गोल वस्तू, उंची ३४ सेंमी, काळा दगड, पाठ सपाट’ असे लिहिणारा माणूस पुरावा लिहितो. निर्णय उद्या बदलू शकतो, पुरावा बदलत नाही.

वीरगळाचे वर्णन करायला शिकणे हा उत्तम सराव आहे, कारण तो आपल्या भागात गावोगावी आहे. खालच्या पट्टीत लढाईचा प्रसंग, मधल्या पट्टीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या पट्टीत बहुधा लिंगपूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य अशी रचना सामान्यतः असते. पट्ट्या खालून वर मोजाव्यात. खालच्या पट्टीत गाई कोरलेल्या असतील तर गोधन वाचवताना आलेला मृत्यू सूचित होतो, म्हणून जनावरे मोजून लिहावीत. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर तो सतीचा दगड. गाढव आणि स्त्री यांचे शापदर्शक शिल्प असलेला गधेगाळ पाहून गावात लोक कधी संकोचतात; त्याचीही नोंद तितक्याच गंभीरपणे करावी, कारण तो दानपत्राचे रक्षण करणारा दगड आहे.

शिलालेखाची नोंद करताना लिपी कोणती, भाषा कोणती, ओळी किती, अक्षरांची उंची किती एवढे लिहावे. आपल्या भागात संस्कृत व हळेगन्नड (जुनी कन्नड) लेख पुष्कळ आहेत, आणि देवनागरी, मोडी, फारसी यांतलेही मजकूर आढळतात. ज्या भाषेतला लेख असेल ती भाषा स्पष्ट लिहावी. सीमाभागात या विषयाला इतर रंग चढतात हे मला माहीत आहे, पण नोंदवहीच्या पानावर त्या वादाला जागा नाही; तिथे दगड जे सांगतो तेच यावे. लेखात शकवर्ष आणि संवत्सर असेल तर ते जसेच्या तसे उतरवावे आणि इसवी सन वेगळ्या रकान्यात लिहावा, कारण शकवर्ष गत (पूर्ण झालेले) धरायचे की चालू यावरून एका वर्षाचा फरक पडतो.

अक्षरे नीट दिसावीत म्हणून त्यांत खडू, पीठ, कोळसा किंवा रंग भरू नये. अंधार पडल्यावर विजेरीचा झोत दगडाच्या अगदी बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ घासून टाकावा. झिजलेली अक्षरेही सावलीने उठून दिसतात. दिवा चारही बाजूंना फिरवून छायाचित्रे घ्यावीत. कागद ओला करून शाईचा ठसा घेण्याचे काम प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावे.

प्रत्येक पदार्थाचा स्वभाव

मातीची खापरी ही सगळ्यात सोशिक. पक्की भाजलेली असेल तर मऊ ब्रशने साध्या पाण्यात धुता येते, पण आधी एका कोपऱ्यावर थेंब टाकून ती विरघळत नाही ना, रंग सुटत नाही ना, हे पाहावे. भांड्याच्या आत काजळी किंवा चिकटलेले काही असेल तर तो तुकडा अजिबात धुऊ नये. आत आणि काठाजवळ काळी व बाहेर खाली तांबडी अशी खापरी मिळाली तर ती वेगळी ठेवावी; महापाषाणयुगात (मोठ्या शिळा रचून दफने करण्याच्या काळात) आणि त्यापुढच्या काळात वापरली जाणारी ही भांडी पालथी घालून भाजल्यामुळे अशी दुरंगी होत, असे मानले जाते. गोकाक तालुक्यातील कोन्नूरजवळ शिळा रचून केलेली महापाषाणीय दफने आहेत, आणि अशा दगडी घरांना लोक पांडवांची घरे म्हणतात. तुकडे जोडण्याची घाई करू नये, आणि जोडायचेच तर पुन्हा सोडवता येईल अशा चिकट द्रव्याने जोडावेत.

हाडांच्या बाबतीत आपल्या जिल्ह्याची माती दोन प्रकारची वागते. पश्चिमेकडे खानापूरच्या जांभ्या, आम्लधर्मी मातीत आणि मुसळधार पावसात हाडे विरून जातात. पूर्वेकडे गोकाक-अथणीच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत ती टिकतात. त्यामुळे खानापूरकडे हाड सापडले नाही म्हणून तिथे दफन नव्हते असा निष्कर्ष काढू नये. हाड आणि शंखाच्या बांगड्या भिजवू नयेत, कोरड्या ब्रशने अलगद साफ कराव्यात.

लोखंड आणि तांबे यांची काळजी हा नव्या माणसाने सर्वांत गंभीरपणे घ्यायचा विषय आहे. मातीतील क्षार धातूच्या आत शिरलेले असतात, आणि हवेतील ओलावा मिळाला की ते आतून धातू खात राहतात. लोखंडी कुऱ्हाड किंवा बाणाचे टोक बाहेरून सावरलेले दिसते आणि एका पावसाळ्यात पापुद्रे सुटून चुरा होते. तांब्या-कांस्याच्या वस्तूवरचा गडद हिरवा, घट्ट थर बहुधा निरुपद्रवी असतो. पण फिकट हिरवे, पिठासारखे, खरवडल्यावर सुटणारे ठिपके दिसले तर तो कांस्यरोग समजावा. त्यात क्लोराइड, ओलावा आणि प्राणवायू मिळून धातू पोखरत जातात. अशी वस्तू ताबडतोब इतरांपासून वेगळी करून, हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह ठेवावी आणि तज्ज्ञाला कळवावे. कांस्यरोगाच्या वस्तूभोवती आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली, आणि क्षारयुक्त लोखंडाभोवती वीस टक्क्यांच्याही खाली ठेवावी लागते.

चिंच, लिंबू, राख, रांगोळी, भांडी घासायची पावडर यांपैकी काहीही पुराण्या धातूला लावू नये. घरातील तांब्याचा हंडा घासण्याची सवय आपल्या हाताला असते आणि ती नेमकी इथे घात करते, कारण नाण्यावरची अक्षरे अनेकदा त्या हिरव्या थरातच टिकलेली असतात, खालच्या धातूत नसतात. सातवाहनांची शिशाची नाणी मिळाली तर ती लाकडी किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू नयेत. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसे पांढरे पडून भुकटी होते. प्लास्टिकच्या चांगल्या डबीत ठेवावे, आणि हाताळताना हातमोजे घालावेत, कारण शिसे माणसालाही विषारीच.

ताम्रपट सापडण्याचे भाग्य क्वचित येते. हलशीचे कदंबांचे ताम्रपट पुढे जे. एफ. फ्लीट यांच्यासारख्या अभ्यासकांनी वाचले, आणि या मुलखाचा पाचव्या-सहाव्या शतकाचा इतिहास त्यांवर उभा राहिला. पत्रे ओवलेले कडे आणि त्यावरची मुद्रा कधीही कापू नये, पत्रे सुटे करण्यासाठीसुद्धा नाही. कडे अखंड असले तरच ते पत्रे मुळापासून एकत्र होते हे सिद्ध होते. म्हणूनच कडे हाती आले तेव्हा कापलेले होते की नव्हते, हे जुने अभ्यासक आवर्जून लिहीत.

दगड टिकाऊ वाटतो, पण त्याचेही शत्रू आहेत. शिलालेखाचा दगड सिमेंटच्या चौथऱ्यात रोवला की सिमेंटमधील क्षार ओलाव्याबरोबर दगडात चढतात आणि पृष्ठभागाचे पापुद्रे अक्षरांसकट गळतात. चुन्याचा हात, ऑइलपेंट, सँडब्लास्टिंग (वाळूचा झोत मारणे), ॲसिडने धुणे हे सर्व टाळावे. साधे पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश पुरतो, तोही दगड घट्ट असेल तर.

इथे एक विनंती. पुजेत असलेला वीरगळ किंवा मूर्ती संग्रहात आणण्याचा आग्रह धरू नये. शेंदूर लागला, तेल चढले, तरी तो दगड गावाच्या नजरेसमोर आहे आणि ती नजरच त्याची राखण आहे. पुजाऱ्याशी आणि पंचांशी बोलून छायाचित्र, माप आणि नोंद तेवढी करावी. हळूहळू तेल कमी घालण्याविषयीही लोक ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

खोली, कपाट आणि पावसाळा

कणकुंबी-जांबोटीचा पाऊस आणि अथणीची कोरडी हवा एकाच जिल्ह्यात आहेत, त्यामुळे पुस्तकातील एकच नियम सगळीकडे चालत नाही. खानापूर-बेळगावकडे जूनपासून भिंतींना ओल येते. तिथे कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून वर असावे, आणि धातूच्या वस्तूंना हवाबंद डबे व सिलिका जेल अनिवार्य मानावे. रंग बदलणारे जेल घ्यावे, म्हणजे ते ओलावून गेले हे दिसते. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचा विषारी क्षार असतो, म्हणून नारिंगी चांगले. पाकिटावर दिलेल्या तापमानाला ते भट्टीत वाळवून पुन्हा वापरता येते. शंभर-दोनशे रुपयांचा साधा आर्द्रतामापकही फार काही शिकवतो; रोज एकाच वेळी आकडा लिहीत गेलात तर दोन महिन्यांत तुमच्या खोलीचा स्वभाव कळेल.

पत्र्याच्या छपराखालची खोली दुपारी तापते आणि रात्री गार होते, हा फरक हस्तलिखितांना आणि लाकडाला बाधतो. छताखाली लाकडी किंवा प्लायचे आच्छादन करून घ्यावे. मोडी दप्तर किंवा पोथ्या असतील तर त्यांवर थेट ऊन पडू देऊ नये आणि प्रदर्शनात दिवा मंद ठेवावा, पन्नास लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) आसपास. वाळवी आणि कसर यांच्यासाठी पंधरवड्यातून एकदा प्रत्येक कप्पा उघडून पाहणे हाच खात्रीचा उपाय. औषध फवारण्याची घाई करू नये.

मे संपताना छपराची कौले व पन्हळी तपासाव्यात, खालच्या कप्प्यातील वस्तू वर घ्याव्यात आणि नोंदवहीची प्रत दुसऱ्या घरी ठेवावी.

मांडणीबद्दल थोडेच सांगतो. फलक मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत असावेत. गावातील मुले दोन्ही शाळांत जातात आणि वस्तू दोघांच्याही आजोबांच्या शिवारातील असते. फलकावर सापडण्याचे ठिकाण आणि ती देणाऱ्याचे नाव, त्याची संमती असेल तर, ठळक लिहावे. स्वतःच्या शेताचे नाव फलकावर वाचणारा शेतकरी पुढची वस्तू विक्रेत्याकडे नेत नाही.

मदत कुठे मिळते आणि ताबा कसा द्यावा

क्षार काढणे, कांस्यरोगावर उपचार, ताम्रपट सोडवणे, तुटलेली मूर्ती जोडणे ही कामे गावात करू नयेत. लखनौच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधान प्रयोगशाळेचे म्हैसूरला प्रादेशिक केंद्र आहे. त्यांच्याशी पत्रव्यवहार करताना छायाचित्र, माप आणि नोंदवहीतील उतारा जोडावा. शिकण्यासाठी धारवाडचे कन्नड संशोधन संस्थेचे संग्रहालय, कित्तूरचे संग्रहालय आणि निपाणीहून तासाभराच्या अंतरावरचा कोल्हापूरचा टाऊन हॉल ही ठिकाणे सवडीने पाहावीत, आणि तिथे मूर्तींइतकेच लक्ष त्यांच्या चिठ्ठ्यांकडे, चौथऱ्यांकडे आणि कपाटांच्या बिजागऱ्यांकडे द्यावे. बेळगावच्या किल्ल्यातील कमलबस्ती, हलशीचे भूवराह नरसिंह मंदिर आणि देगावचे कमलनारायण मंदिर इथल्या कोरीवकामाशी डोळा ओळखीचा झाला की संग्रहातील सुटा तुकडा कोणत्या पद्धतीचा हे हळूहळू उमगू लागते.

वस्तू अभ्यासासाठी बाहेर दिली तर कोणी, कोणाला, कोणत्या दिवशी, कोणत्या अवस्थेत दिली आणि कधी परत येणार हे वहीत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. ओळखीच्या माणसालाही अपवाद करू नये. आणि तुमची बदली झाली, लग्न होऊन गाव बदलले किंवा वयोमानाने काम थांबवावेसे वाटले, तर किल्ली देण्याआधी नव्या माणसाला शेजारी बसवून वही पहिल्या क्रमांकापासून वाचावी, प्रत्येक वस्तू हातात घेऊन ताडून पाहावी, न सापडलेल्या वस्तूंपुढे त्या दिवसाची तारीख घालावी, आणि शेवटच्या पानावर दोघांनी सह्या केल्यावरच किल्ली द्यावी.